पंचेचाळीस फुटांचा समुद्र

जाहिरातीला आपल्याकडे पासष्टावी कला म्हणण्याचा प्रघात आहे. या म्हणण्यात कौतुक किती आणि कुचेष्टा किती हे सांगणे अवघड. परंतु कला म्हटली की तिचा अभ्यास आला आणि अभ्यास म्हटला की प्रश्न आले. प्रस्तुत लेख अशाच एका प्रश्नातून निघाला आहे.

गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गाला मी एक जुनी जाहिरात दाखवली. अवघी अर्ध्या मिनिटाची. निळेहिरवे पाणी, स्वच्छ वाळू, समुद्राकडे झुकलेला माड, पाण्यातून धावत येणारे तरुण-तरुणी आणि अखेरीस थेंबांनी डवरलेली शीतपेयाची बाटली. १९९८ च्या डिसेंबरात दक्षिण गोव्यातील एका रिसॉर्टजवळ ती चित्रित झाली. ती निवडण्याचे कारण असे की, प्राध्यापकी पत्करण्यापूर्वी तीन वर्षे मी मुंबईत जाहिरातपटांच्या व्यवसायात साहाय्यक म्हणून काढली आणि या चित्रणाच्या वेळी मी पथकात होतो. वर्गात रंगसंगती, गती, पार्श्वसंगीत यांवर बरी चर्चा झाली. तास संपता संपता मागच्या बाकावरून देवगडकडच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, डिसेंबर महिना म्हणताय, मग किनाऱ्यावरच्या होड्या कुठं गेल्या?"

घंटा झाली आणि मी सुटलो. उत्तर मला ठाऊक होते. ते येथे देणार आहे; मात्र त्याआधी असा जाहिरातपट तयार कसा होतो हे थोडे विस्ताराने पाहावे लागेल, नाहीतर उत्तराचा अर्थ लागणार नाही.

आपल्याकडे विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १९६७ साली आणि दूरदर्शनवर १९७६ साली. दूरदर्शनला रंग मिळाला तो १९८२ मध्ये. तोपर्यंत हलत्या रंगीत चित्रांची जाहिरात पाहायची तर चित्रपटगृहात, मुख्य चित्रपटापूर्वी. साबणाची जाहिरात म्हणजे बहुधा एखाद्या लोकप्रिय नटीचा गोरा चेहरा आणि तिची शिफारस, असा तेव्हा रिवाज होता. १९७५ साली 'लिरिल' या साबणाची जाहिरात आली आणि हा रिवाज मोडला. 'लिंटास' या संस्थेचे अलेक पदमसी यांची ती निर्मिती. दिग्दर्शन कैलाश सुरेंद्रनाथ यांचे, संगीत वनराज भाटिया यांचे. कॅरन लुनेल ही तरुणी हिरव्या पोहण्याच्या पोशाखात धबधब्याखाली मनसोक्त नाहते, एवढेच त्यात घडते. धबधबा तामिळनाडूतील कोडाईकनालजवळचा, पांबर नावाचा. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून अधिक उंचीवरच्या गावातले पाणी. ते किती गार असेल याची कल्पना करावी. प्रेक्षकाला मात्र थंडी दिसत नाही, ताजेपणा दिसतो. त्या धबधब्याला पुढे लोक 'लिरिल धबधबा'च म्हणू लागले. एखाद्या स्थळाचे नाव वस्तूला दिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. येथे वस्तूचे नाव स्थळाला मिळाले. या जाहिरातीपासून 'जागा' हीच विक्रीला मदत करते हे निर्मात्यांना पुरते उमगले आणि मग धबधबे, बेटे, किनारे यांच्याकडे चित्रपथकांची रीघ लागली.

आता प्रत्यक्ष चित्रणाकडे वळू. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात आणि पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी धावतात. म्हणजे तीस सेकंदांसाठी सातशेवीस चौकटी, अर्थात पंचेचाळीस फूट फिल्म. एवढ्या पंचेचाळीस फुटांसाठी आमच्या पथकात त्रेचाळीस माणसे होती, एक ट्रक होता, एक जनरेटर होता आणि चारशे फुटांचे दहा डबे होते. चारशे फुटांचा डबा नेहमीच्या गतीने साडेचार मिनिटांच्या आत संपतो. पण पाणी उडताना संथ दिसावे असे वाटत असेल तर कॅमेरा चौपट वेगाने, सेकंदाला शहाण्णव चौकटी या हिशेबाने चालवतात, आणि मग तोच डबा एका मिनिटाच्या थोड्या पुढे जाऊन रिकामा होतो. त्यामुळे पाण्यातून धावण्याच्या दृश्याआधी सर्वजण श्वास रोखून उभे असत. हल्ली डिजिटल कॅमेऱ्यांमुळे ही फुटांची चिंता उरलेली नाही. माणसांची संख्या मात्र त्यामुळे कमी झालेली दिसत नाही.

सामान ट्रकने रस्त्यामार्गे आले. कोरी फिल्म ट्रकमध्ये चढवत नाहीत, कारण उष्णता तिला बाधते. ती कॅमेरा अटेंडंटने मांडीवर घेऊन विमानाने आणली आणि विमानतळावर ती क्ष-किरणांच्या यंत्रातून घालू नये म्हणून त्याने केलेली विनवणी हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. चित्रित झालेली फिल्मही अशीच मुंबईच्या प्रयोगशाळेत जाते. ती धुऊन 'ठीक आहे' असा निरोप येईपर्यंत किनाऱ्यावरच्या कोणालाही खात्री नसते की आपण खरोखर काही टिपले आहे. हा निरोप येईपर्यंत पथकातील माणसे फारसे बोलत नाहीत, जेवतात मात्र भरपूर.

रिसॉर्टमध्ये राहणे म्हणजे चैन, असा समज असतो. खोल्या वातानुकूलित होत्या हे खरे. परंतु पहिल्याच सकाळी त्यांनी दगा दिला. रात्रभर गार खोलीत ठेवलेल्या भिंगांची पेटी किनाऱ्यावर उघडताच दमट हवेतले बाष्प काचांवर जमले आणि पुसले तरी पुन्हा जमू लागले. भिंगे बाहेरच्या हवेइतकी उबदार होईपर्यंत थांबण्यावाचून उपाय नसतो. पाऊण तास गेला. दुसऱ्या दिवसापासून पेट्या आणि त्यांच्याबरोबर अटेंडंट हे दोघेही व्हरांड्यात पंख्याखाली झोपले.

हा पाऊण तास एवढा मोलाचा का, हे समजण्यासाठी सूर्याचे गणित पाहणे भाग आहे. उष्ण कटिबंधात ऊन भरपूर असते, पण चित्रणाला उपयोगी ऊन फार थोडे. गोवा साडेपंधरा अक्षांशांच्या आसपास आहे. एप्रिलअखेरीस आणि मे महिन्याच्या आरंभी तेथे दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते, नाकाची सावली ओठांवर येते आणि देखणा चेहराही आजारी दिसतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्याने भर दुपारीही पन्नास-एक अंशांवरच राहतो. म्हणून सारी पथके डिसेंबर-जानेवारीत धावतात, नेमक्या ज्या दिवसांत खोल्यांचे दर सर्वांत चढे असतात. दुसरी गोष्ट अशी की, या भागात सूर्य क्षितिजाकडे तिरका घरंगळत जात नाही, जवळजवळ सरळ खाली उतरतो. डिसेंबरात शेवटचे दहा अंश उतरायला त्याला गोव्यात पाऊण तास पुरतो. लंडनला जून महिन्यात त्याच दहा अंशांना सुमारे ऐंशी मिनिटे लागतात. सूर्य बुडाल्यानंतरचा कामापुरता संधिप्रकाश आपल्याकडे वीस-बावीस मिनिटांत आटोपतो. परदेशी छायालेखकांच्या पुस्तकांत 'सोनेरी तासा'चे वर्णन असते. आपल्या किनाऱ्यावर तो तास भरत नाही.

आणखी एक गंमत. आपला किनारा पश्चिमेचा. येथे सूर्य समुद्रात मावळतो, समुद्रातून उगवत मात्र कधीच नाही. सकाळी तो जमिनीकडून, माडांच्या मागून येतो. त्यामुळे साडेसात-आठपर्यंत वाळूवर माडांची सावली पसरलेली असते. ती सरल्यावर नऊ-साडेनऊपर्यंत समुद्राकडे तोंड करून लावलेल्या कॅमेऱ्याच्या पाठीशी सूर्य असतो आणि पाण्याचा निळाहिरवा रंग खुलतो. तो तेवढ्यातच मिळतो. याउलट, लाटांवर सोने सांडले आहे आणि कोणी चहाचा पहिला घोट घेत आहे अशी 'पहाट' जर तुम्हाला गोव्याच्या किनाऱ्यावरील जाहिरातीत दिसली, तर ती संध्याकाळी साडेपाचला चित्रित झाली आहे हे खुशाल समजावे. विद्यार्थ्यांनी सावल्या पाहण्याची सवय लावून घ्यावी. जाहिरातीत सगळे काही घासूनपुसून ठेवलेले असते, पण सावलीला खोटे बोलणे जड जाते.

भरती-ओहोटीचे गणित तर आम्ही मुंबईहून छापील तक्त्यांच्या रूपाने नेले होते. ते ट्रकमध्ये सामानाखाली गेले. तेव्हा ज्याची होडी आम्ही भाड्याने घेतली होती त्या तांडेलाने भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहून वेळा सांगितल्या. आपल्या कोकणात हा हिशेब घरोघरी ठाऊक आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. गोव्याकडे ती थोडी आधी येते, एवढे तांडेलाने वजा केले. छापील तक्ते सापडले तेव्हा दोन्हींत वीस मिनिटांचाही फरक निघाला नाही. अष्टमीच्या आगेमागे भांगाच्या दिवसांत पाणी फार चढत-उतरत नाही, तेव्हा चित्रण सोयीचे पडते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात किनारा तासातासाला रूप बदलतो आणि सकाळचे दृश्य दुपारच्या दृश्याला जुळत नाही. वाळूचा आणखी एक त्रास म्हणजे पावले. 'कोणाचेही पाऊल न पडलेला किनारा' दाखवायचा तर प्रत्येक वेळी धावून झाल्यावर ती वाळू पुन्हा सारखी करावी लागते. आमचे दोन स्पॉटबॉय दिवसभर खराटे घेऊन उलटे चालत वाळू झाडीत असत, म्हणजे त्यांची स्वतःची पावलेही पुसली जात.

बाटलीविषयी थोडक्यात. बाटलीवरचे थेंब हे पाण्यात ग्लिसरीन मिसळून फवारलेले असतात, कारण निव्वळ पाण्याचे थेंब उन्हात मिनिटभरही टिकत नाहीत. पेल्यातला बर्फ पुष्कळदा ॲक्रिलिकचा असतो. पथकाला प्यायला मात्र खरा बर्फ होता, तोही दुपारपर्यंत.

इथवर सांगितलेली सारी लबाडी निरुपद्रवी म्हणता येईल. ग्लिसरीनच्या थेंबाने कोणाचे नुकसान होत नाही. पण जागेच्या बाबतीत हा न्याय लावता येत नाही. थायलंडमधील फी फी बेटांपैकी फी फी ले या बेटावर माया बे नावाचा एक छोटा उपसागर आहे. 'द बीच' (२०००) या चित्रपटाचे चित्रण तेथे १९९९ साली झाले. चित्रपट काही जाहिरातपट नव्हे, परंतु पुढे त्याने त्या जागेची जाहिरातच केली. किनारा 'नंदनवना'सारखा दिसावा म्हणून वाळूचे उंचवटे सपाट करण्यात आले, मूळची झुडपे काढली गेली आणि तेथे मुळात नसलेले माड आणून लावले गेले. स्थानिक लोकांनी न्यायालयात धाव घेतली. तो वाद वीस वर्षांहून अधिक चालला. दरम्यान चित्रपट पाहून येणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की एकेका दिवशी हजारो माणसे त्या चिमुकल्या किनाऱ्यावर उतरू लागली, नांगरांनी पोवळी मोडली, आणि अखेर जून २०१८ मध्ये सरकारने तो बंद केला. २०२२ च्या आरंभी तो पुन्हा उघडला, पण होड्या आत आणण्यास बंदी आणि माणसांच्या संख्येवर मर्यादा घालून. ज्या मूळ किनाऱ्यावर माड नव्हते त्यालाही माड लावावेसे वाटले, यावरून आपल्या सर्वांच्या मनात 'सुंदर किनाऱ्या'चे चित्र किती ठाम बसले आहे हे दिसते. गोव्याच्या किनाऱ्यावरचा प्रत्येक माड कोणाच्या तरी मालकीचा असतो, त्यावर नारळ पाडणारा पाडेली चढतो, सूर काढणारा रेंदेर चढतो. जाहिरातीत तो निसर्गाने आपणहून उभा केलेला दिसतो.

आता होड्या. आपल्याकडे किनारा हा हॉटेलच्या मालकीचा नसतो. दोना पावलाजवळील वायंगिणी किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेविषयीच्या खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने लोकांच्या वहिवाटीचा हक्क उचलून धरला. कायदा असा, पण हक्क असणे आणि चौकटीत दिसणे या वेगळ्या गोष्टी. ज्या किनाऱ्यावर आम्ही गेलो तो रापणीचा किनारा होता. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. होडी एक दोर वाळूवर ठेवून समुद्रात जाते, अर्धवर्तुळात जाळे सोडत परत येते आणि मग दोन्ही टोकांना माणसे लागून ते ओढतात. यांत्रिक ट्रॉलरांनी मासळी उपसून नेऊ नये म्हणून गोव्यातील रापणकारांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मोठे आंदोलन केले, आणि १९८० साली मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला तो त्यातूनच. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आम्ही पाहणीसाठी गेलो होतो तेव्हा दुपार होती; किनारा मोकळा दिसला. सकाळी तेथे काय चालते हे आमच्यापैकी कोणीच विचारले नाही.

पहिल्या दिवशी उजाडताना वाळूवर पाच होड्या होत्या आणि एक दोर पाण्यात गेलेला होता. कोकणातला म्हणून बोलणी करायला दिग्दर्शकांनी मला पाठवले. होड्या हलवायला रापणकार तयार झाले. ठरलेले पैसे घेऊन त्यांनी त्या दोनशे पावलांवर सुरूच्या झाडांमागे ओढून नेल्या. रापणीविषयी मात्र त्यांच्यातले वडीलधारे गृहस्थ मला म्हणाले, "बाळा, घातलेली रापण ओढावीच लागते. तुमचं यंत्र थांबेल, मासा थांबत नाही." रापण ओढून होईपर्यंत पावणेअकरा वाजले. पाण्याचा रंग गेला होता. त्या दिवशीचे 'सकाळ'चे दृश्य आम्ही संध्याकाळी उरकले. क्लायंटच्या प्रतिनिधींनी छत्रीखाली बसून घड्याळाकडे पाहिले, आणि रात्री निर्मितीव्यवस्थापकांनी मला पुन्हा पाठवले. उद्या आणि परवा रापण घालू नये, त्याचे काय ते पैसे घ्यावे. आकडा बरा होता. चांगल्या दिवसाच्या मासळीहून थोडा जास्तच. होडीच्या आणि जाळ्याच्या मालकांनी तो घेतला. सौदा उभयपक्षी राजीखुशीचा झाला असे मी मानले आणि शांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या सुमारास, माडांची सावली अजून वाळूवर असताना, गावातून माणसे येऊ लागली. म्हातारे, दोन-तीन शाळकरी मुले, आणि टोपल्या घेतलेल्या बायका. रापण ओढायला जो हात लावतो त्याला मासळीचा वाटा मिळतो, ही तिकडची रीत. होडी नसलेल्यांचा, हातपाय थकलेल्यांचा दिवस त्या वाट्यावर निघतो. दिलेले पैसे मालकांच्या हातात गेले होते. मासळी असती तर ती वाळूवर वाटली गेली असती. ही रीत मला ठाऊक असायला हवी होती, कारण माझ्या आजोळी ती पाहिलेली होती. मी ती विसरलो होतो असेही नाही. बोलणी करताना मला ती आठवली नाही, एवढेच.

एका बाईने मला विचारले, आज रापण नाही काय? मी नाही म्हटले. का, असे तिने विचारले नाही. आमचा कॅमेरा, खराटे, पांढरे थर्मोकोल तिला दिसतच होते. ती थोडा वेळ उभी राहिली. तेवढ्यात मागून कोणीतरी "फ्रेम क्लिअर करा" असे ओरडले आणि ते सांगण्याचे कामही माझेच होते. ती माणसे बाजूला झाली, त्यांची पावले स्पॉटबॉयनी झाडून काढली. नऊ वाजता पाण्याला हवा तसा रंग आला आणि तिसऱ्या टेकला दृश्य मंजूर झाले. वर्गाने पाहिले ते हेच.

तेव्हा देवगडच्या त्या विद्यार्थ्याला उत्तर असे: होड्या दोनशे पावले उत्तरेला, सुरूच्या झाडांमागे होत्या. मुंबईला परतल्यावर हिशेब मीच लिहिला. व्हाउचरवर 'होड्या हलवणे, नग पाच' अशी नोंद आहे. रापण न घालण्याबद्दल दिलेली रक्कम कोणत्या सदरात घालावी हे मला कळेना, तेव्हा हिशेबनिसांच्या सांगण्यावरून ती 'किरकोळ' या सदरात, चहा आणि खराट्यांच्या खाली, घातली.